टाकाऊतून टिकाऊ (नाशिक परिसर)

टाकाऊतून टिकाऊ : कामातून गेलेली वस्तू न फेकता दुसऱ्या कामाला लावण्याची घरगुती रीत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाटलीची फुलदाणी करतात, ती येथे अभिप्रेत नाही. नाशिक जिल्ह्यात ही रीत मुख्यतः घर आणि मळा यांच्यातल्या देवघेवीवर चालते.

सर्वांत लांबचा प्रवास कापडाचा. सुती लुगडे विरले की त्याचा मऊ भाग बाळाच्या दुपट्याला जातो आणि उरलेले गोधडीत. लुगडी-धोतरांचे थर अंथरून आधी कडा पक्क्या करतात, मग धावदोऱ्याच्या ओळी कडेकडून मध्याकडे नेतात. वरचा थर फाटला तर त्यावर आणखी एक लुगडे चढवून पुन्हा टाके घालतात, त्यामुळे जुनी गोधडी वर्षागणिक जड होत जाते. सिंथेटिक साडी घाम टिपत नाही, म्हणून गोधडीला तिचा फारसा उपयोग नाही. ती बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेतात. घासाघीस पातेल्याच्या आकारावरून होते, साडीच्या किमतीवरून नव्हे. अशाच जुन्या साड्या सटाणा, मालेगाव, देवळा भागात डाळिंबाच्या ओळींवर पांघरलेल्या दिसतात. उन्हाने फळाला चट्टे पडू नयेत, यासाठी हा उपाय.

रद्दीचेही तसेच. कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे हिरवे मणी गुलाबी पडतात आणि असा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून निफाड, दिंडोरीकडे मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोड होऊ लागण्याच्या, सुमारास घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पिन मारतात. एकेका घडाला हाताने कागद लावायचा म्हणजे मजुरी बरीच, पण फुकट गेलेल्या मालापेक्षा ती स्वस्त पडते.

मळ्यातून घरी येणारा मालही कमी नाही. द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी (फळ निघाल्यानंतरची) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) झाली की काड्या चुलीत जातात. ठिबकची निकामी नळी कपडे वाळत घालायला, वेल बांधायला, बाजेला विणायला लागते. खताच्या गोण्या उसवून, एकमेकींना शिवून पाऊस अडवायला पाल होते. कांद्याच्या जाळीदार गोणीच्या तुकड्याने भांडी घासतात.

धातूचा व्यवहार वेगळा, तो पुनर्वापरापेक्षा मोडीचा. पितळेचा पोचलेला हंडा जुन्या नाशकात भांडी बाजारात मोडीत घालून, वजनावर वरचे पैसे भरून नवे भांडे घेण्याची चाल आहे. भंगारवाल्याकडे जाते ते यातूनही उरलेले.

एका वस्तूला मात्र ही काटकसर लावू नये : औषध फवारणीचे रिकामे डबे. धुतले तरी विष पूर्ण जात नाही. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार असे डबे पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. तरी झाकण घट्ट बसते एवढ्यासाठी ते धुऊन रॉकेल-डिझेलला, कधी पाण्यालाही ठेवले जातात.