संघाची रेटिंग मर्यादा: लीगचा अर्ज नेमका कुठे अडतो

हौशी बुद्धिबळ लीगमध्ये संघ उतरवायचा अर्ज तसा सोपा असतो. संघाचे नाव, कर्णधाराचा फोन, चार पटांवरचे खेळाडू, दोन राखीव, शुल्क भरल्याची पावती. यात कुणी अडकत नाही. एक खेळाडू एकाच संघात आणि संघटनेची त्या वर्षाची नोंदणी चालू, या अटीही सगळ्यांना ठाऊक असतात. तरी अर्ज परत येतात आणि बहुतेकांवर शेरा एकच: 'संघ रेटिंग मर्यादेबाहेर'. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, आणि संघाच्या रेटिंगला लीगने वरची मर्यादा घातलेली असते. कर्णधार म्हणतो, बेरीज तीनदा तपासली होती. बेरीज बरोबरच असते. चुकते ते कुणाकुणाची बेरीज करायची आणि कोणत्या यादीवरून करायची, हे. परिपत्रकात ते लिहिलेलेच नसेल तर कर्णधाराने ओळखायचे तरी कसे?

समजा नियम आहे 'चार पट, सरासरी 1600 पर्यंत'. तुमच्याकडे सहा जण आहेत: 1900, 1750, 1600, 1500, 1400 आणि 1400. यादीतले सर्वांत वरचे चौघे धरले तर बेरीज 6750, सरासरी 1687.5, संघ बाद. सहाही जण धरले तर बेरीज 9550, सरासरी 1592 च्या आसपास; संघ पात्र. आणि मर्यादा प्रत्येक सामन्यात प्रत्यक्ष बसणाऱ्या चौघांना लागू असेल, तर 1900, 1600, 1500, 1400 असे बसवून बेरीज बरोबर 6400 होते; हेही चालते, पण 1900 आणि 1750 या दोघांना एकत्र खेळवणे मात्र कधीच जमणार नाही. खेळाडू तेच, नियमाची ओळ तीच, उत्तरे तीन. म्हणून अर्ज भरण्याआधी आयोजकांना हा एकच प्रश्न लेखी विचारा: मर्यादा वरच्या चौघांना, सगळ्या यादीला की त्या दिवशीच्या संघाला? फोनवर मिळालेले उत्तर छाननीच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

तिन्हींत सगळ्या यादीची सरासरी काढण्याची पद्धत मला सर्वांत वाईट वाटते. कधीच न खेळणारे दोन नवशिके राखीव म्हणून लिहिले की सरासरी खाली येते, आणि हे सगळे करतात. सामन्यागणिक मर्यादा सर्वांत न्याय्य. पण तिथे मर्यादा ओलांडली तर शेवटचा पट गमवायचा की अख्खा सामना, हे आधी ठरलेले हवे. ते ठरलेले नसेल तर पहिल्याच फेरीत भांडण होते आणि त्यात पंच बिचारा भरडला जातो.

सरासरीऐवजी बेरीज मागा, हेही आयोजकांना सांगून पाहा. 6402 ची सरासरी 1600.5 येते, ती 1600 धरायची की 1601, यावर वाद घालणारे लोक आहेत. 'चौघांची बेरीज 6400 किंवा त्याहून कमी' असे लिहिले की प्रश्न मिटतो. नुसते '1600 च्या आत' लिहिले असेल, तर बरोबर 6400 चालते का, तेवढे विचारून घ्या.

आता तारखेकडे. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची रेटिंग यादी दर महिन्याच्या 1 तारखेला बदलते. अर्जाची मुदत 5 तारखेपर्यंत असेल आणि तुम्ही शहाणपणाने आधीच्या महिन्याच्या 25 तारखेलाच अर्ज दिला असेल, तर तुमचे आकडे आधीच्या यादीतले असतात. छाननी मात्र बहुधा नव्या यादीवरून होते. लवकर अर्ज भरणाराच बाद होतो, हा या कारभारातला मोठा विनोद. संघात शाळकरी मुले असतील तर धोका वाढतो. 18 वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, रेटिंग 2300 च्या खाली असेल तर, क्लासिकलमध्ये (दीर्घ वेळेच्या डावांत) त्यांचा के-गुणांक, म्हणजे निकालांमुळे रेटिंग किती वेगाने बदलायचे ते ठरवणारा आकडा, 40 असतो. अपेक्षेपेक्षा चार गुण जास्त मिळवले की एका यादीत 160 ची उडी. 6320 वर निर्धास्त बसलेला संघ त्या एका मुलामुळे 6480 वर जातो. मुलाचे कौतुक करायचे की कपाळाला हात लावायचा, हे कर्णधाराने ठरवावे.

म्हणून अर्जात प्रत्येक आकड्यापुढे यादीचा महिना आणि वर्ष लिहा. मोसमाच्या मध्यावर राखीव खेळाडू बदलला तर त्याचे रेटिंग कोणत्या यादीतले धरायचे, हेही विचारून ठेवा. काही ठिकाणी सगळ्यांना सुरुवातीचीच यादी लागू असते, काही ठिकाणी नव्या माणसाला नवी. लाइव्ह रेटिंग (पुढची यादी येण्याआधी डावागणिक बदलत जाणारे) कुठेच धरत नाहीत. ते अधिकृत नसते.

क्लासिकल, रॅपिड (जलद) आणि ब्लिट्झ (अतिजलद) ही तीन वेगळी रेटिंगे आहेत. फिडेच्या पानावर ती शेजारी शेजारी दिसतात आणि घाईत भलतेच उचलले जाते. लीग रॅपिड वेळेत खेळली जाते म्हणून रॅपिडचेच धरतील असे समजू नका. क्लासिकल धरणाऱ्या रॅपिड लीगही आहेत. लिचेस किंवा चेस डॉट कॉम या ऑनलाइन खेळायच्या संकेतस्थळांवरचा आकडा फिडेच्या रकान्यात लिहू नका. तिथले गणित वेगळे, खेळणारे वेगळे; तो आकडा फार तर अनरेटेड (रेटिंग नसलेल्या) खेळाडूच्या अंदाजासाठी कामी येतो.

अनरेटेड खेळाडू हा सगळ्यांत चिवट प्रश्न. त्याचे शून्य धरले तर 2100 चे तिघे आणि एक अनरेटेड मिळून बेरीज 6300 होते आणि हा दादा संघ 1600 च्या लीगमध्ये निवांत शिरतो. म्हणून बहुतेक आयोजक ठरावीक आकडा गृहीत धरतात. 1400 धरला तर हीच बेरीज 7700. दुसरा उपाय म्हणजे पटांमधल्या अंतरावर बंधन. अमेरिकेतल्या हौशी सांघिक स्पर्धेत चौघांची सरासरी 2200 च्या खाली हवी आणि तिसऱ्या-चौथ्या पटात 1000 पेक्षा जास्त अंतर नको, असा नियम आहे.

मग मागितला जातो तो कुणाकडेच नसलेला कागद: रेटिंग नसल्याचा पुरावा. नसलेल्या गोष्टीचा दाखला कोण देणार? फिडे आयडी असेल तर खेळाडूच्या पानाची तारीख दिसेल अशी प्रत जोडा. तिथे रेटिंग नसल्याचे स्पष्ट दिसते. आयडीच नसेल तर खेळाडूचे स्वघोषणापत्र आणि त्यावर कर्णधाराची सही. मात्र आधी तिन्ही रेटिंगे तपासा. क्लासिकल नसले तरी रॅपिड असते आणि ते लपवले असे वाटले की अख्खा संघ संशयात येतो.

बाकी कागद किरकोळ: प्रत्येकाचा आयडी क्रमांक (नाव पुरत नाही, एका नावाचे बरेच जण असतात), मुलांचा जन्मदाखला, खेळाडूंची संमती. पटांचा क्रम रेटिंगनुसार उतरता लावा. थोडी अदलाबदल चालत असेल तर किती गुणांपर्यंत, ते नियमात पाहा.

आयोजकांनाही एक सांगायचे आहे. 1 मार्च 2024 ला फिडेने 2000 च्या खालची रेटिंगे एकदाच वर उचलली: 2000 पर्यंत जेवढे अंतर, त्याच्या 40 टक्के भर. 1000 चे 1400 झाले, 1500 चे 1700. किमान रेटिंगही 1000 वरून 1400 वर गेले. तरी काही लीगच्या नियमांत जुनीच मर्यादा आहे. पूर्वी 1350 सरासरीचा संघ 1500 च्या मर्यादेत आरामात बसायचा. त्याच चौघांची सरासरी त्या दिवशी 1610 झाली. खेळ तसूभर सुधारला नाही आणि संघ बाद! जुन्या 1500 च्या जागी 1700 लिहिणे हा साधा हिशेब आहे, तो नियमावली छापणाऱ्यांनी करायला हवा होता. कर्णधारांसाठी यातून एक खूणही मिळते: तुमच्या तक्त्यात 1400 च्या खालचे फिडे रेटिंग दिसले, तर तो आकडा जुन्या यादीतला आहे, बदला.

अर्ज परत आलाच तर नवा भरण्याआधी कोणत्या यादीवरून, कुणाकुणाची आणि किती बेरीज काढली, ते लेखी मागा. चूक आयोजकांची निघाली तर तोच कागद जोडून आक्षेप नोंदवा, आणि तो पहिल्या फेरीची जोडी लागण्याआधी द्या.