पान्हा

पान्हा : बाळाच्या स्पर्शाने, रडण्याने किंवा नुसत्या आठवणीने आईच्या स्तनात साठलेले दूध वाहू लागणे. दूध तयार होणे आणि ते उतरणे या शरीराच्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. त्यांची संप्रेरकेही वेगळी. मराठीने हा भेद फार पूर्वीच ओळखलेला दिसतो : दूध ‘येते’, पान्हा ‘फुटतो’, दूध आटते, पान्हा चोरला जातो. शेवटचा प्रयोग गोठ्यातला. वासरू जवळ नसले किंवा धार काढणारा हात अनोळखी असला, की कास भरलेली असूनही गाय पान्हा चोरते. ‘दूधच येत नाही’ या बाळंतिणीच्या तक्रारीमागेही कित्येकदा दूध असते, अडलेला असतो तो पान्हा.

स्तनात द्राक्षाच्या घडासारखे सूक्ष्म कोश असतात. त्यांच्या आतल्या पेशी रक्तातून द्रव्ये घेऊन दूध बनवतात. या पेशींची तयारी गरोदरपणाच्या मध्यावरच सुरू होते, पण वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन दुधाला रोखून धरते. वार पडली की ही आडकाठी दूर होते, मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीतल्या प्रोलॅक्टिनला, म्हणजे दूध बनवणाऱ्या संप्रेरकाला, वाव मिळतो आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते. तोवर येतो तो चीक : दाटसर, पिवळा, चमचा-दोन चमचे, पण रोगप्रतिकारक प्रथिनांनी भरलेला. गायीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या घरांतच आईचा चीक मात्र पिळून टाकायची आणि बाळाला मध चाटवायची चाल होती, हे नवलच.

पुढे दुधाचा हिशेब मागणीवर चालतो. बाळ ओढते तेव्हा प्रोलॅक्टिन वाढते, रात्री अधिकच. उलट स्तनात दूध तुंबून राहिले, तर त्या बाजूचे उत्पादन मंदावते. म्हणून धास्तीने वरचे दूध सुरू केले की अंगावरचे खरोखरच कमी होऊ लागते. पहिल्या सहा महिन्यांत, एकदा बस्तान बसले की, आई दिवसाला सरासरी 750 मिलिलिटरच्या आसपास दूध देते.

पान्ह्याचे काम ऑक्सिटोसिनचे. बाळ चोखू लागताच संवेदना मेंदूपर्यंत जातात, पोषग्रंथीच्या मागच्या भागातून हे संप्रेरक झटक्याझटक्याने सुटते आणि कोशांभोवतीच्या पेशी आवळून दूध नलिकांत ढकलतात. मिनिटभरात छातीत मुंग्या येतात आणि दुसऱ्या बाजूनेही थेंब गळू लागतात. गर्भाशयही आवळते, सुरुवातीच्या दिवसांत पाजताना पोटात येणाऱ्या कळा त्याच्याच. अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, स्मरणाने स्तन्य वाहते, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात म्हटलेच आहे. वेदना, भीती, अवघडलेपण यांनी पान्हा अडतो.

पुण्याच्या पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत शतावरी, अळीव, डिंक, बाळंतशेपा यांची खरेदी बाळंतपणाच्या तयारीचा भाग असते. शतावरीने दूध वाढते याचे पुरावे मर्यादित आहेत. अळिवाची खीर नि डिंकाचे लाडू पोषण करतात, ते महत्त्वाचेच. पण माहेरच्या सव्वा महिन्यात मिळणारी उसंत आणि ‘घे गं त्याला जवळ’ म्हणणारी आई यांचा वाटा त्याहून मोठा असावा.

ही उसंत संपली की हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आईची गाठ दूध काढायच्या पंपाशी पडते. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची रजा आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले. यंत्राला पान्हा सहजी फुटत नाही; मग कुणी बाळाचा फोटो समोर ठेवते, कुणी झबले हुंगते. प्रवासात पाजण्यासाठी एसटी स्थानकांवर असलेल्या ‘हिरकणी कक्षा’चे नाव बाळासाठी रात्री रायगडचा कडा उतरलेल्या गवळणीच्या आख्यायिकेवरून आले.

आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली. पुण्यात ससूनसह काही रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत. दान आलेले दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून गोठवतात आणि मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला देतात, ते केवळ त्याला ऊब मिळावी म्हणून नव्हे. त्यानंतर तिला पिळून काढता येणारे दूधही वाढते.