छाती हलते आहे, पण माणूस आहे का?

माझ्या मामेभावाला दुचाकीचा अपघात झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून तो ‘ब्रेन डेड’ असल्याचं सांगितलं. मामी त्याचा हात धरून उभी होती. हात गरम होता. छाती एका लयीत वरखाली होत होती, मॉनिटरवर ठोके उमटत होते, पलंगाखालच्या पिशवीत लघवी जमत होती. “अहो, झोपलाय तो,” मामी म्हणाली. मागून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “म्हणजे गेला, की आहे अजून?”

हा प्रश्न आपल्या पणज्यांना कधी पडला नसेल. तेव्हा श्वास थांबला की काही मिनिटांत हृदयही थांबायचं. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा भरायची युक्ती ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने काढली, आणि वैद्यकीचे शेकडो विद्यार्थी रात्रंदिवस पाळीपाळीने त्या पिशव्या दाबत बसले. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला. यंत्राने श्वास चालू ठेवता येऊ लागला, तसे मेंदू पूर्ण निकामी पण हृदय धडधडतंय असे रुग्ण दिसू लागले. पॅरिसच्या मोलारे आणि गुलों यांनी 1959 मध्ये अशा 23 रुग्णांचं वर्णन केलं आणि त्या अवस्थेला ‘कोमाच्या पलीकडची’ म्हटलं. 1968 मध्ये हार्वर्डच्या समितीने ती अवस्था म्हणजे मृत्यूच मानावा, असं सुचवलं.

मेंदूचं काम कायमचं थांबलंय की नाही, हे तपासून सांगता येतं. पण मेंदू थांबला म्हणजे माणूस संपला का, हे कुठल्याच यंत्रावर दिसत नाही. त्यासाठी माणूस कशाला म्हणायचं, हे आधी ठरवावं लागतं. या वादात तेराव्या शतकातला एक कॅथलिक साधू पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावला जातो, आणि दोन्ही बाजूंकडून.

थॉमस अक्वायनस 1225 च्या सुमारास इटलीत जन्मला आणि 1274 मध्ये वारला. डोमिनिकन संघाचा हा साधू पॅरिसला शिकवायचा. आत्म्याबद्दल तो जे म्हणतो, ते आपल्या कानांना जरा अनोळखी वाटेल. आपल्याकडे कुडीतून प्राण जातो, पिंजऱ्यातून पाखरू उडतं, जुनं वस्त्र टाकून आत्मा नवं घेतो. म्हणजे राहणारा वेगळा, घर वेगळं. अक्वायनस ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगतो, की आत्मा ही देहाची घडण आहे. मेणावर शिक्का दाबला की ठसा उठतो. मेण आणि ठसा एक आहेत की दोन, असं आपण विचारत नाही. तसंच देहाचं आणि आत्म्याचं. आत्मा मृत्यूनंतर उरतो, ही त्याची श्रद्धा होतीच, तरीही त्याने एके ठिकाणी स्पष्ट लिहून ठेवलं: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. मी म्हणजे हा हाडामांसाचा, अख्खा.

त्याचं पुढचं म्हणणं आणखी धाडसाचं होतं. झाडासारखं वाढणं, जनावरासारखं पाहणं-ऐकणं आणि माणसासारखा विचार, या तिन्हींसाठी माणसात एकच आत्मा आहे, तीन नाहीत. तो गेला की समोर पडलेलं शरीर ‘त्याचं’ उरत नाही. मेलेल्याच्या डोळ्याला डोळा म्हणायचं ते दगडी मूर्तीच्या डोळ्याला म्हणतो तसं, केवळ नावापुरतं. समकालीनांना हे झेपलं नाही. मग संतांच्या अस्थी कुणाच्या? थडग्यातला ख्रिस्ताचा देह कुणाचा? 1277 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने ऑक्सफर्डमध्ये ही शिकवण देण्यावर बंदी घातली. तो आर्चबिशप स्वतः डोमिनिकनच होता.

आता अतिदक्षता विभागात परत येऊ. आत्मा हा देहातला भाडेकरू असेल, तर तो कधी निघून गेला हे डॉक्टरला कळायचा मार्गच नाही. तो घडण असेल, तर प्रश्न तपासता येण्याजोगा होतो: हे शरीर अजून एकसंध आहे का? 1981 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने मेंदूमृत्यूचं समर्थन याच धाटणीने केलं. मेंदू शरीराला बांधून ठेवतो, तो गेला की उरतात ते सुटे अवयव. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 मध्ये जवळपास याच आधारावर हा निकष मान्य केला.

या युक्तिवादाला धक्का दिला तो ॲलन श्यूमन या कॅथलिक मेंदूविकारतज्ज्ञाने, जो आधी त्याच बाजूचा होता. 1998 मध्ये त्याने मेंदूमृत्यूनंतर आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या सुमारे 175 रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या काहींच्या जखमा भरून येत होत्या, जंतुसंसर्गाशी झुंज चालू होती, गरोदर स्त्रियांच्या पोटात गर्भ वाढत होता. चौथ्या वर्षी मेंदुज्वराने मेंदू गमावलेल्या एका मुलाचं शरीर व्हेंटिलेटरवर जवळजवळ वीस वर्षं राहिलं आणि वाढलं. शवविच्छेदनात मेंदूच्या जागी कॅल्शियम साचलेला गोळा निघाला. अशा शरीराला सुट्या अवयवांचा ढीग म्हणणं मला तरी प्रामाणिक वाटत नाही. श्यूमनचा हा मुद्दा मी मान्य करतो.

पण तेवढ्याने तो मुलगा जिवंत होता, असं मी म्हणणार नाही. इथे काही अक्वायनसवादी अभ्यासक त्याच्याच तीन पायऱ्यांकडे बोट दाखवतात. पोसणं, वाढणं, जखम भरणं ही झाडाच्या पातळीची कामं. माणूस हा जाणीव असणारा प्राणी आहे. ज्या शरीरात जाणिवेची शक्यताच कायमची मिटली, त्यात पेशींचा मेळ कितीही चांगला असला तरी तो प्राणी संपला. अक्वायनस स्वतः हृदयालाच देहाच्या हालचालीचं मूळ समजायचा. त्याचं शरीरशास्त्र चुकीचं होतं, आणि त्याच्या घडणीच्या कल्पनेला त्याने फारसं बिघडत नाही.

2008 मध्ये अमेरिकेच्या जैवनीती परिषदेने आणखी एक वाट सुचवली. जिवंत प्राणी बाहेरच्या जगाकडे ओढ घेतो, आणि त्या ओढीची सगळ्यांत मूलभूत खूण म्हणजे श्वास घेण्याची आतली ऊर्मी. व्हेंटिलेटर हवा भरतो, ऊर्मी भरू शकत नाही. मला हे फार पटतं. लॅटिनमध्ये आत्म्याला ‘अनिमा’ म्हणतात, आणि तो शब्द व आपला ‘प्राण’ श्वास घेण्याच्या एकाच जुन्या धातूतून आले आहेत.

भारतात 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा झाला, तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर. त्यात मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुडाच्या भागाचा, मृत्यू हा मृत्यू मानला आहे. चार डॉक्टरांचं मंडळ निदान किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतं. डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकतात, कानात थंडगार पाणी सोडून डोळे हलतात का बघतात, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. सगळ्यांत शेवटी व्हेंटिलेटर काढतात. नळीतून प्राणवायू सोडत राहतात, त्यामुळे शरीराला लगेच इजा होत नाही, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. मस्तिष्कस्तंभात थोडा जरी जीव असेल, तर तो साठा शरीराला एक तरी श्वास घ्यायला लावतो. आठ-दहा मिनिटं डॉक्टर उघड्या छातीवर आणि पोटावर नजर ठेवून उभे असतात.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मामाला आत थांबू दिलं. तो बाहेर आला तेव्हा मामीने काही विचारलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

“त्याने श्वास घेतला नाही गं,” मामा म्हणाला, आणि अवयवदानाचा अर्ज मागून घेतला.