पार्श्वभूमी: टेबल ड्रॉप करताना ‘कॅस्केड’ नेमकं काय उडवतं?

महापे-रबाळे पट्ट्यातल्या ऑफिसांत रात्रीच्या रिलीजला डेटाबेसमधली जुनी टेबलं काढायची (‘ड्रॉप’ करायची) वेळ आली की हात एका शब्दापाशी थबकतो: कॅस्केड. चाइल्ड टेबलमधला, म्हणजे त्यावर अवलंबून असलेल्या टेबलमधला, डेटाही जाईल का, हा प्रश्न नवी मुलं विचारतात आणि या कामात मुरलेली माणसंही विचारतात. त्यात त्यांचा दोष नाही. या शब्दाची घडणच गुंत्याची आहे.

फॉरेन की, म्हणजे एका टेबलमधली नोंद दुसऱ्या टेबलमधल्या नोंदीशी बांधणारा नियम, ही कल्पना १९७० च्या, रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडणाऱ्या मूळ निबंधातली. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९८६ च्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत ती नव्हती, १९८९ मध्ये आली. गुंता झाला तो १९९२ च्या आवृत्तीत. तिथे ‘ऑन डिलीट कॅस्केड’ आलं आणि ‘ड्रॉप टेबल’पुढे रिस्ट्रिक्ट (काही अवलंबून असेल तर अडवा) किंवा कॅस्केड लिहिणंही आलं. शब्द एकच, कामं दोन.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचा हिशेब घ्या. ‘सदनिका’ हे पेरेंट टेबल, ‘पावती’ हे चाइल्ड. ऑन डिलीट कॅस्केड असेल आणि सदनिकेची एक रो (ओळ) डिलीट केली, तर तिच्या सगळ्या पावत्या जातात. पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘सदनिका’ हे अख्खं टेबलच कॅस्केड लावून ड्रॉप केलं, तर एकही पावती जात नाही! जाते ती फक्त फॉरेन की, आणि सदनिकेवर बेतलेले व्ह्यू (साठवून ठेवलेल्या क्वेरी). पावत्या तशाच राहतात, पण कोणत्याही घराशी न बांधलेल्या. त्याच पोस्टग्रेसमध्ये ‘ट्रंकेट’ या टेबल ठेवून डेटा पुसणाऱ्या आज्ञेपुढे कॅस्केड लिहिलं, तर मात्र पावत्यांचं टेबलही रिकामं होतं. म्हणजे तीन आज्ञा, तीन परिणाम. माझ्या मते हे नामकरण चुकलं, आणि त्याची किंमत अजून मोजली जाते आहे.

ओरॅकल या डेटाबेसने ड्रॉप टेबलपुढे ‘कॅस्केड कन्स्ट्रेंट्स’ असं पूर्ण लिहायला लावलं. एका जादा शब्दाने काय जाणार ते डोळ्यांसमोर राहतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ड्रॉपला कॅस्केडची सोयच नाही. आधी फॉरेन की काढा, मग टेबल.

सगळ्यात जास्त फसवलं ते मायएसक्यूएल या डेटाबेसने. तिथे ड्रॉप टेबलपुढे कॅस्केड लिहिता येतं, पण त्याने काहीच होत नाही. दुसरीकडून आणलेल्या स्क्रिप्ट चालाव्यात एवढ्यासाठी तो शब्द ठेवलेला. म्हणून लोक ‘फॉरेन की चेक्स’ ही फॉरेन की तपासण्याची सेटिंग शून्य (बंद) करून टेबलं उडवू लागले. हे चेक पुन्हा चालू केले तरी मधल्या काळात शिरलेला डेटा तपासला जात नाही, अनाथ पावत्या तशाच बसून राहतात. जुन्या आवृत्त्यांत टेबल ड्रॉप करताना येणारा एररसुद्धा ‘पेरेंट रो’बद्दल बोलायचा आणि कोणती की आड येते ते सांगायचा नाही. आवृत्ती ८ मध्ये कीचं आणि चाइल्ड टेबलचं नाव एररमध्ये येऊ लागलं, तेव्हा कुठे रात्रीची शोधाशोध कमी झाली.

चुकून ड्रॉप झालेलं टेबल ओरॅकलच्या रीसायकल बिनमधून परत आणता येतं. डेटा येतो, इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) येतात, पण दुसऱ्या टेबलांशी जोडणाऱ्या फॉरेन की येत नाहीत. त्या हाताने पुन्हा लिहाव्या लागतात.