चार ड्रॅगनांची किंमत

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात हौशी खेळाडूने रचलेला डेक, म्हणजे स्वतः निवडलेल्या पत्त्यांचा संच, उघडून पाहिला, की त्यात ड्रॅगनांचे दिमाखदार पत्ते भरपूर आणि ते खेळायला लागणारे 'लँड' हे साधे पत्ते कमी असे हमखास आढळते. मीही एकदा माझ्या आवडत्या डेकमधून चार लँड काढून त्या जागी चार ड्रॅगन घातले, लागोपाठ तीन डाव विनाअडथळा खेळलो आणि बदल यशस्वी झाल्याचे स्वतःशीच जाहीर करून टाकले. पुढे हातात दोन लँड आणि बाकी सगळे ड्रॅगन अशी वेळ वारंवार येऊ लागली, तेव्हा मी सारा दोष नशिबाला दिला. नशिबाचा वाटा त्यात नेमका किती होता, हे मात्र मोजता येते.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली बाजारात आला आणि तो रचणारे रिचर्ड गारफील्ड हे गणितज्ञ होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. नेहमीच्या प्रकारात डेकमध्ये किमान ६० पत्ते लागतात, साधे लँड सोडून कोणत्याही एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती चालतात आणि डावाच्या सुरुवातीला सात पत्ते हातात येतात. लँडपासून 'माना' ही खेळातली शक्ती मिळते, ती खर्चून बाकीचे पत्ते खेळता येतात आणि एका पाळीत सहसा एकच लँड मांडता येतो. म्हणजे तिसऱ्या पाळीला तीन मानांचा पत्ता खेळायचा, तर तोवर किमान तीन लँड हाताला लागलेले हवेत.

दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याने तिसऱ्या पाळीपर्यंत दहा पत्ते पाहिलेले असतात. साठ पत्त्यांतून दहा पत्ते निवडण्याचे एकूण प्रकार सुमारे ७,५३९ कोटी आहेत आणि डेक नीट पिसलेला असेल तर त्यातला प्रत्येक प्रकार सारखाच शक्य असतो. आता डेकमध्ये २४ लँड आणि ३६ इतर पत्ते आहेत असे धरू. ज्या निवडींत एकही लँड नाही, अशा निवडी ३६ पत्त्यांतून दहा उचलण्याच्या, म्हणजे सुमारे २५ कोटी. ज्यांत एकच लँड आहे, त्यांच्यासाठी तो लँड २४ प्रकारांनी आणि उरलेले नऊ पत्ते ३६ मधून निवडायचे. हा गुणाकार सुमारे २२६ कोटी होतो. दोन लँडच्या जोड्या २७६ आणि सोबतचे आठ पत्ते ३६ मधून, म्हणून सुमारे ८३५ कोटी. या तिन्हींची बेरीज १,०८६ कोटींच्या घरात जाते आणि तिला एकूण निवडींनी भागले की १४.४ टक्के हे उत्तर येते. सातांतला साधारण एक डाव अशा रीतीने अडतो. संख्याशास्त्रात या हिशेबाला हायपरजॉमेट्रिक वितरण म्हणतात. नाव भारदस्त असले तरी आत केवळ निवडींची मोजदाद आहे.

हाच हिशेब २० लँडसाठी केला, तर अडण्याची शक्यता २७.८ टक्के होते. चार ड्रॅगनांची खरी किंमत ही आहे: सातांतल्या एका डावाऐवजी चारांतल्या एकाहून अधिक डावांत हात बांधून बसणे. नको असलेला हात परत करून नवा घेण्याची सोय नियमांत आहे, तिने हे आकडे थोडे सौम्य होतात, पण दोन डेकमधली तफावत त्यामुळे नाहीशी होत नाही.

मग माझे ते तीन डाव बिनबोभाट कसे पार पडले? वीस लँडचा डेक एका डावात न अडण्याची शक्यता ७२.२ टक्के, म्हणून लागोपाठ तीन डाव न अडण्याची शक्यता ०.७२२ चा घन, म्हणजे जवळपास ३८ टक्के. उलट २४ लँडचा डेक तीन डावांत निदान एकदा तरी अडण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास आहे. कमकुवत डेकला शाबासकी मिळणे आणि चांगल्या डेकला बोल लागणे या दोन्ही गोष्टी तीन डावांच्या चाचणीत जवळजवळ सारख्याच संभवतात.

येथे एक बारकावा आहे, जो मला फार आवडतो. फाशाला स्मरण नसते, हे आपण शाळेत शिकतो. सहा पडला म्हणून पुढच्या वेळी सहा पडण्याची शक्यता घटत नाही. डेकला मात्र एका डावापुरते स्मरण असते, कारण उचललेला पत्ता परत आत जात नाही. चोवीस लँडच्या डेकमधून पहिल्या सात पत्त्यांत एकही लँड आला नाही, तर पुढचा पत्ता लँड असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांवरून २४ भागिले ५३, म्हणजे ४५.३ टक्के होते. सातांत पाच लँड आले असतील, तर ती ३५.८ टक्क्यांवर उतरते. तेव्हा 'आता तरी लँड येईल' या आशेत थोडे तथ्य आहे, पण 'आता येणारच' म्हणण्याइतके नाही. डाव संपला आणि पत्ते पिसले, की तेही स्मरण पुसले जाते.

अर्थात पिसणे खरे असेल तर. डेव्ह बेयर आणि पर्सी डायाकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले, की ५२ पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत सोडण्याच्या पद्धतीने साधारण सात वेळा पिसावा लागतो. साठ पत्त्यांसाठीही आकडा फारसा बदलत नाही. काही खेळाडू मात्र आधी दोन पत्ते, मग एक लँड असा गोफ विणतात आणि वर दोनदा हलकेच पिसतात, त्याने लँड एकत्र साचत नाहीत, अशी त्यांची श्रद्धा असते. पिसणे पुरेसे असेल, तर ही विणकाम-विधी व्यर्थ आहे. विधीचा गुण खरोखर येत असेल, तर पिसणे अपुरे आहे आणि समोरच्याची ती फसवणूक ठरते. नीट पिसलेल्या डेकमध्ये २४ लँडपैकी एकमेकांना लागून असलेल्या जोड्या सरासरी ९.२ असतात. म्हणून लँडचे पुंजके दिसणे हे पत्ते बिघडल्याचे लक्षण मानू नये.

मी अखेर दोन ड्रॅगन काढले आणि २२ लँडवर थांबलो. तिथे अडण्याची शक्यता २०.४ टक्के आहे, पाचांतला एक डाव, आणि उरलेल्या दोन ड्रॅगनांसाठी तेवढे मोजायला मी तयार आहे.