क्लूगी फेलोशिपचा अर्ज: 'सात वर्षं' आणि 'इथंच का?'

प्रबंधाचं पुस्तक करायला घेतलेली प्राध्यापक मंडळी दरवर्षी क्लूगी फेलोशिपच्या अर्जाचे मसुदे माझ्याकडे वाचायला पाठवतात. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात, २००० साली क्लूगी सेंटर सुरू झालं, जॉन क्लूगी या उद्योगपतीच्या ६ कोटी डॉलरच्या देणगीतून. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या अभ्यासकांना तिथं ४ ते ११ महिने बसून काम करता येतं, दरमहा ५,००० डॉलर मिळतात. कुठल्याही देशाच्या माणसाला अर्ज करता येतो. निवड होते फार तर डझनभरांची. आधीच सांगतो, हे पुस्तक छापायचं अनुदान नव्हे. पैसे तिथं राहून वाचण्या-लिहिण्यासाठी आहेत. घरभाडंही त्यातच, आणि वॉशिंग्टन स्वस्त नाही.

पहिली अडचण पीएच.डी.च्या तारखेची. अंतिम तारखेला तुमची पदवी हातात हवी आणि ती सात वर्षांच्या आतली हवी. वाचायला सोपं आहे. पण आपल्याकडे एका पीएच.डी.ला चार तारखा असतात: प्रबंध सादर केल्याची, मौखिकीची, विद्यापीठाच्या अधिसूचनेची आणि पदवीदान समारंभाची. शेवटच्या दोहोंत वर्षभराचंही अंतर पडतं. उमेदवार सीव्हीत मौखिकीचं साल लिहितो, अर्जात पदवीदानाचं, आणि गाइड शिफारसपत्रात तिसरंच. परक्या देशातल्या परीक्षकाला हा घोळ कसा कळणार? तात्पुरत्या प्रमाणपत्रावर जी तारीख छापली आहे तीच सगळीकडे लिहा. काठावर असाल तर सेंटरला दोन ओळींची ईमेल करून आधी विचारा, विचारल्याने कुणी अपात्र ठरत नाही. बाळंतपण, आजारपण यांत वर्षं गेली असतील तर तसं स्पष्ट लिहा. सलग नोकरी-संशोधन न झालेल्यांसाठी सात वर्षांची अट शिथिल होऊ शकते. बायका हे लिहायला संकोचतात आणि हक्काची सवलत हातची घालवतात.

दुसरी अडचण 'इथंच का?' याची, आणि ती खरी मोठी. 'लायब्ररीत माझ्या विषयावर विपुल साहित्य उपलब्ध आहे' हे वाक्य मी इतक्या मसुद्यांत वाचलंय की आता तिथंच लाल रेघ ओढतो. विपुल म्हणजे काय? कुठलं? तुमच्या विषयाची मराठी पुस्तकं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातही असतील, मग समुद्र ओलांडून कशाला यायचं, हे परीक्षक विचारणारच. त्याचं उत्तर कॅटलॉगमध्ये आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतंय. सुरुवातीला पैसे आले ते पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या, आपण रेशनवर खाल्लेल्या गव्हापोटी भारताने अमेरिकेला दिलेल्या रुपयांतून. त्यामुळे मराठी पुस्तकं तमिळ, बंगाली, उर्दू पुस्तकांच्या शेजारी एकाच छताखाली सापडतात. तुलना हा तुमच्या कामाचा कणा असेल तर इथं मुद्दा भक्कम होतो.

पण शोधायचं कसं? एका मुलीने फोनवर सांगितलं, 'सर, तिथं चरित्रं फारशी नाहीतच.' तिने 'च' साठी सी-एच टाइप केलं होतं. कॅटलॉगमध्ये मराठी शीर्षकं रोमन अक्षरांत शोधावी लागतात, आणि लायब्ररीच्या त्या लिप्यंतरात 'च' म्हणजे नुसता सी. सी-एच म्हणजे 'छ'. सी-ए-आर-आय-टी-आर-ए असं टाकल्यावर पडद्यावर यादी उलगडत गेली. अशी शोधून काढलेली आठ-दहा शीर्षकं आणि संग्रहांची नावं प्रस्तावात असू द्या, प्रत्येकाचं काम काय ते एका ओळीत.

सीव्ही, संदर्भसूची, सारांश हे नेहमीचंच. शब्दमर्यादा आणि पानांची संख्या मात्र चालू वर्षाच्या जाहिरातीतूनच घ्या. मित्राने दिलेली जुनी पीडीएफ वापरू नका. एकेकाळी १५ जुलै असलेली अंतिम तारीख पुढे सप्टेंबरात गेली. शिवाय अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. शिफारसपत्रं तीन लागतात. गाइडना आठवडाभर आधीची खोटी तारीख सांगा. मी स्वतः गाइड आहे, तरी हेच सांगतो.

निवड झाल्यावर जे-१ व्हिसा, म्हणजे देवाणघेवाणीखाली येणाऱ्या अभ्यासकांचा. त्यासाठी इंग्रजी येत असल्याचा दाखला हवा आणि आजार किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचा विमाही. पासपोर्ट आत्ताच उघडून बघा. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर तुमचं नावच आडनाव होतं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे नाव माहीत नाही) येतं. लग्नानंतर बदललेलं नाव आणि पदवीवरचं नाव जुळत नसेल, तर ते काम अर्जाआधीच उरकून घ्या.

आणि महाविद्यालयाची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र. अर्जासोबत कुणी मागत नाही, म्हणून सगळे विसरतात. माझी फाइल एका कार्यालयात साडेतीन महिने पडून होती. शेवटी 'फेलोशिप म्हणजे सहल का?' असा शेरा मारून परत आली. रजेचा अर्ज निकालाची वाट न बघता त्याच आठवड्यात टाका, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.