मेंदू थांबला म्हणजे माणूस गेला का: तत्त्वज्ञान-विज्ञान वादाची पार्श्वभूमी

नागपुरात ग्रीन कॉरिडॉर आता नवा नाही, दानाचा अवयव न्यायला ट्रॅफिक थांबवून अँब्युलन्स सुसाट निघते, पेपरात फोटो येतो. तरी इथल्या सायन्सवाल्या पोट्ट्यांना विचारा, फिलॉसॉफी म्हणजे यूपीएससीचा छोट्या सिलॅबसचा ऑप्शनल, बाकी काय कामाची! 2010 मध्ये एका नामांकित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञानं पुस्तकात लिहूनच टाकलं की तत्त्वज्ञान मेलंय. तीनेकशे वर्षांपूर्वी तत्त्वज्ञान अन् विज्ञान दोन्ही एकाच घरात नांदत होते, पण ते सोडा.

फिलॉसॉफी कुठे लागते ते बघायचं तर खरा गुंता 1968 चा. डिसेंबर 1967 मध्ये दक्षिण आफ्रिकेत माणसाचं हृदय पहिल्यांदा दुसऱ्या माणसात बसवलं, अन् पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका कमिटीनं सुचवलं की कायमचा कोमा हाच मृत्यूचा नवा निकष धरा. कारणं दोन दिली: अशा पेशंटचं घरच्यांवर अन् हॉस्पिटलवर पडणारं ओझं, आणि जुन्या व्याख्येमुळे अवयव घेताना होणारे वाद. आता यात लॅबमधून आलेलं काय आहे सांगा? टेस्ट सायन्सचीच, व्हेंटिलेटर काढतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड चढू देतात अन् छाती आपणहून हलते का ते बघतात. नाही हलली तर मेंदूचं श्वास चालवायचं काम बंद, इथवर सायन्स. पण हृदय धडधडतंय, अंग गरम आहे, तरी हा माणूस गेला असं म्हणायचं का, हे कोणतंही मशीन सांगत नाही. म्हणूनच ब्रिटननं ब्रेनस्टेम, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा देठ, बंद पडणं पुरे मानलं, अमेरिकेनं पूर्ण मेंदू धरला, आणि जपानमध्ये 1968 च्या पहिल्या हृदयरोपणावरून सर्जनवरच तक्रार झाली, ब्रेन डेथनंतर अवयव घेण्याचा कायदा यायला 1997 उजाडलं.

आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं ब्रेनस्टेम धरला, चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी. पण हे अवयवदानापुरतं, जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यातली व्याख्या वेगळीच, जिवंतपणाची सगळी लक्षणं कायमची जायला हवीत. म्हणजे घरच्यांनी दानाला हो म्हटलं तर पेशंट कागदावर गेलेला, नाही म्हटलं तर व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात अन् आयसीयूचं बिल चालूच. केरळनं 2020 मध्ये दान असो-नसो, ब्रेन डेथ तपासून जाहीर करायची असं ठरवलं.